मधल्या फळीचा राखणदार

दिवाळी अंकांत फुटबॉलवर दरवर्षी एखादा लेख येतो, आणि दरवर्षी तो तोच असतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधला चौथा क्रमांक, १९६२ चं जकार्तातलं सुवर्ण, चुनी, पी. के., बलराम. मग एक लांब उसासा. मग बायचुंग भुतिया, मग सुनील छेत्री, आणि शेवटाला राखून ठेवलेला दुसरा उसासा. लिहिणारे बदलतात, उसाशांच्या जागा बदलत नाहीत. या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी स्पष्टच सांगितलं, आढावा घेईन तर गोव्याच्या धेंपो क्लबच्या मधल्या फळीतल्या क्लायमॅक्स लॉरेन्सच्या कारकिर्दीचा घेईन. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलेना. मग ते म्हणाले, "सर, वाचकांना नाव ओळखीचं असेल का?" नसेल, म्हणूनच तर लिहायचं. ओळखीच्या माणसांवर लिहायला बाकी मंडळी बसलीच आहेत.

आधी थोडा जुना हिशेब चुकता करू. आमच्या विदर्भातल्या फुटबॉल लिहिणाऱ्यांत एक पंथ आहे, त्यांच्या लेखी भारतीय फुटबॉल हुगळीच्या काठी सुरू होतो आणि तिथेच संपतो. १९९७ च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकवर सव्वा लाखावर माणूस होता, हे ते दर लेखात सांगतात. होता, मान्य. पण आकडे मांडायचे तर सगळे मांडा. राष्ट्रीय लीग १९९६-९७ ला सुरू झाली. पहिल्या आठ हंगामांत मोहन बागान तीनदा, ईस्ट बंगाल तीनदा, पंजाबचं जेसीटी एकदा आणि गोव्याचं साळगावकर एकदा जिंकलं. इथवर हुगळीवाल्यांचं म्हणणं खरं. पुढचं ऐका. २००४-०५ धेंपो, २००५-०६ मुंबईचं महिंद्र युनायटेड, २००६-०७ पुन्हा धेंपो. मग लीगचं नाव आय-लीग झालं. २००७-०८ धेंपो, २००८-०९ चर्चिल ब्रदर्स, २००९-१० धेंपो, २०१०-११ साळगावकर, २०११-१२ धेंपो, २०१२-१३ चर्चिल. ओळीने नऊ हंगाम देशाचं विजेतेपद पश्चिम किनाऱ्याबाहेर गेलं नाही. त्यातली आठ गोव्याची, आणि आठांतली पाच एकट्या धेंपोची. एवढ्या मोठ्या गोष्टीला आपल्या वार्षिक आढाव्यांत दोन ओळी मिळतात, त्याही "याच काळात गोव्यातील संघांनीही चमक दाखवली" अशा थाटाच्या.

नागपूरचे एक स्नेही आहेत, नाव घेत नाही, दिवाळीला फराळाला येतात. त्यांचं म्हणणं, धेंपोचं यश म्हणजे रँटी मार्टिन्सचं यश. नायजेरियाचा रँटी गोलांची खाणच होता हे कोण नाकारतो? २०११-१२ च्या एका हंगामात लीगमध्ये ३२ गोल. मग २०१२ ला तो कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला, तिथेही गोल करत राहिला, पण प्रयागला काही लीग जिंकता आली नाही. हे मी सांगितलं की स्नेही शंकरपाळा तोंडात टाकत म्हणतात, "धेंपो तरी कुठे जिंकलं त्यानंतर?" जिंकलं नाही, खरं आहे. पण तोवर क्लायमॅक्सचीही तिशी केव्हाच ओलांडून झाली होती, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

यवतमाळात बसून गोव्याच्या एका हाफचा कैवार मी का घ्यावा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं कारण वैयक्तिक आहे. मीही हाफच होतो. समता मैदान, ज्याला आमच्या पिढीचा माणूस अजून पोस्टल ग्राउंडच म्हणतो, तिथे संध्याकाळी एका बाजूला क्रिकेट, दुसऱ्या बाजूला कबड्डी आणि उरलेल्या कोपऱ्यात आमचा फुटबॉल चाले. ज्याला गोल मारता येत नाही आणि अडवताही येत नाही तो हाफ, ही आमच्या पीटीच्या सरांची व्याख्या. संघ निवडताना आधी फॉरवर्ड ठरत, मग उंच पोरगा गोलकीपर, मग दांडगे दोघे बॅक. उरले ते आम्ही. पुढे शिट्टी हातात आली आणि सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेऱ्यांत पंचगिरी करू लागलो, तेव्हाही तेच. दारव्हा असो, पुसद असो की वणी, सगळे पोट्टे चेंडूमागे. मैदानाचा मधला भाग आठवडी बाजार उठल्यावरच्या जागेसारखा मोकळा, आणि त्या मोकळ्या जागेतून कोणीही यावं नि गोल करून जावं. बाहेरून शिक्षक ओरडत, "अरे, पुढे जा!" मागे राहा म्हणून ओरडणारा शिक्षक मला आजवर भेटलेला नाही.

आता कारकिर्दीकडे. सुरुवातीचा भाग मी भरभर सांगतो, कारण तो बहुतेक गोवेकर खेळाडूंचा असतो तसाच आहे. जन्म १९७९ चा. साळगावकरकडून नाव झालं, मग कोलकात्याच्या ईस्ट बंगालचं बोलावणं. गोव्यातल्या चांगल्या खेळाडूला त्या काळी कोलकात्याची वारी चुकत नसे. पैसा तिथे, गर्दी तिथे, वर्तमानपत्रांची पानं तिथे. अल्विटो डिकुन्हा तर तिकडचाच होऊन गेला. २००३ ला जकार्तात ईस्ट बंगालने थायलंडच्या बीईसी तेरो सासनाला हरवून आसियान क्लब स्पर्धा जिंकली, त्या अंतिम सामन्यातला एक गोल अल्विटोचा. तोही मधल्या फळीचाच, पण पुढे जाणारा, डाव्या पायाचा, लोकांना आवडणारा. क्लायमॅक्स तिथे रमला नाही की तिथल्या लोकांना तो कळला नाही, यावर मतभेद आहेत. माझं मत उघड आहे. स्टीफन कॉन्स्टन्टाईनच्या पहिल्या कारकिर्दीत तो भारताच्या संघात आला आणि मग गोव्याला परतून धेंपोत स्थिरावला. इथून पुढे मात्र मी घाई करणार नाही.

आर्मांदो कुलासो या गृहस्थांनी त्या वर्षांत जो संघ उभा केला तसा संघ माझ्या पाहण्यात भारतात दुसरा नाही. मागे महेश गवळी आणि समीर नाईक. डावीकडे क्लिफर्ड मिरांडा, ज्याच्या पायातून चेंडू निघाला की कुठे जाणार हे फक्त त्यालाच ठाऊक. पुढे ब्राझीलचा बेटो, त्याच्या पुढे रँटी. बाहेरचे दोन-तीन सोडले तर बहुतेक पोरं गोव्याचीच, त्याच मैदानांवर एकमेकांशी भांडत वाढलेली. लिलाव नाही, बोली नाही. या सगळ्यांच्या मध्ये, गवळीच्या पुढे आणि बेटोच्या मागे, एक माणूस उभा असे. तो उभा असे असं म्हणतो ते मुद्दाम. त्याच्या खेळाचं मर्म उभं राहण्यात होतं.

त्या काळात लीगचे सामने झी स्पोर्ट्सवर दिसत. आमच्या केबलवाल्याकडे जाऊन चॅनल मागावं लागे. तो म्हणे, "काका, हे कोन पायते?" "मी पायतो ना भाऊ," असं म्हणून दर महिन्याला त्याच्याकडून ते सुरू करून घ्यायचं. पण दूरदर्शन संचावर क्लायमॅक्स दिसत नसे. कॅमेरा चेंडूमागे, आणि हा जिथे असे तिथे चेंडू बहुधा आलेलाच नसे, कारण हा तिथे होता. सामना संपल्यावर आठवायला बसलं की त्याने काय केलं ते आठवत नसे. आमच्याकडे कापूस-तुरीच्या शेतात रात्री जागलीला माणूस असतो. रानडुकरं आली नाहीत, मग जागलीवाल्याने रात्रभर केलं काय, असं विचारणारा माणूस शेतकरी नसतो. फुटबॉलवर लिहिणाऱ्यांत असे बिनशेतीचे फार.

शेवटी फातोर्ड्याला जायचं ठरवलं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणं, पुण्याहून पुढे मडगाव. घरी सांगितलं, मंगेशीला जाऊन येतो. मंगेशीलाही गेलो, खोटं बोललो नाही. मैदानात मुद्दाम वरची जागा धरली. खालून गोल दिसतात, वरून खेळ दिसतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, कापडी टोपी, हातात कागदाच्या पुडीत चणे. माझी मान चेंडूबरोबर हलतेय हे त्यांनी पाहिलं असावं. कोकणीत म्हणाले, "बॉल सोडात, ताका पळयात." आणि बोटाने मैदानाच्या मध्याकडे दाखवलं. त्या दिवसापासून मी फुटबॉल पाहायला शिकलो असं म्हटलं तर आमचे पीटीचे सर रागावतील, पण तसंच आहे.

काय पाहिलं ते सांगतो. चेंडू अंगावर येण्याआधी त्याची मान दोन्ही खांद्यांवरून एकेकदा फिरे. त्यामुळे चेंडू पायाशी आला की त्याला विचार करावा लागत नसे, विचार आधीच झालेला असे. दोन स्पर्श, आणि चेंडू दहा पावलांवरच्या माणसाकडे. चाळीस यार्डांचे हवेतले पास नाहीत, टाचेने मागे देणं नाही. डावा बॅक वर सरकला की हा न बोलता त्याच्या जागेत जाऊन उभा. बॅक परत आला की हा पुन्हा आपल्या जागी, जणू कुणी खुर्ची रिकामी करून दिली. समोरच्याकडे चेंडू गेला की पोरं धावत सुटतात. हा दोन पावलं मागे घेई आणि पास जिथून जायचा ती वाटच अंगाने बंद करी. समोरचा थबके, मागे देई, आणि हल्ला विरून जाई. स्टँडमध्ये कोणाला काही घडल्याचा पत्ताही नाही. घसरत जाऊन केलेले टॅकल लोकांना आवडतात, टाळ्या पडतात. हा ते क्वचितच करी. घसरावं लागलं म्हणजे आधी कुठेतरी उशीर झाला, असा त्याचा हिशेब असावा. क्लिफर्ड डावीकडे मनाला येईल तसा भटकू शकत होता, बेटोला बचावाकडे पाहण्याची गरज नव्हती, याचं कारण मागे हा होता. क्लिफर्डवर लिहिलेले लेख मी वाचले आहेत, चांगले आहेत. त्यांत क्लायमॅक्सचं नाव शोधायला भिंग लागतं.

युरोपात हे काम करणाऱ्यांना उशिरा का होईना न्याय मिळाला. क्लॉड मॅकलेलेला रिआल माद्रिदने २००३ ला जाऊ दिलं, तो चेल्सीत गेला, आणि पुढे इंग्रज लोक त्या जागेलाच त्याच्या नावाने ओळखू लागले. आपल्याकडे अर्जुन पुरस्कारांच्या यादीत क्लायमॅक्सचं नाव नाही. धेंपोला लीग जिंकून देणाऱ्या इतर गोवेकरांचीही तीच गत. कोणी दिल्लीत जाऊन विचारलंही नसेल.

धेंपोची कामगिरी देशाबाहेरही गेली, तीही लोक विसरले. २००८ च्या एएफसी कपमध्ये धेंपो उपांत्य फेरीत पोहोचलं, भारतीय क्लबांत पहिलं. तिथे लेबनॉनच्या सफाकडून हरलं. पुढे २०१३ ला ईस्ट बंगाल उपांत्य फेरीत गेलं आणि २०१६ ला बंगळुरू अंतिम फेरीत, तेव्हा आपल्या मराठी पेपरांनीही पानं रंगवली. २००८ च्या त्या आठवड्यात मी आमच्या जिल्ह्याच्या आवृत्तीसाठी चारशे शब्द पाठवले होते. छापून आले चाळीस, तेही तालुकास्तरीय खो-खोच्या निकालाखाली.

भारताच्या संघाचं आता. बॉब हौटन नावाचे इंग्रज प्रशिक्षक २००६ ला आले. १९७९ साली स्वीडनच्या मालमोला युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलेला हा माणूस. खेळ रुक्ष, सरळ, मागून लांब चेंडू. मला तो आवडत नसे आणि मी तसं लिहिलंही होतं. पण एक गोष्ट त्यांना पक्की समजली होती, की असा खेळ खेळायचा तर मध्ये जागेवरून न हलणारा माणूस हवा. मधल्या फळीत क्लायमॅक्स आणि एन. पी. प्रदीप, उजवीकडे मुंबईचा स्टीव्हन डायस, डावीकडे कधी रेनेडी सिंग, कधी क्लिफर्ड. दहा वर्षं बंद पडलेला नेहरू कप २००७ ला दिल्लीत पुन्हा सुरू झाला. ऑगस्टअखेर अंतिम सामन्यात सीरियाला १-० ने हरवलं, गोल प्रदीपचा. दोन वर्षांनी पुन्हा सीरियाच, पुन्हा दिल्लीच, आणि या वेळी पेनल्टींवर सुब्रत पॉलने तारलं.

मधलं साल २००८, एएफसी चॅलेंज कप. ही स्पर्धा जिंकणाऱ्याला २०११ च्या आशिया कपचं तिकीट होतं. पहिला सामना ३० जुलैला हैदराबादला, लाल बहादूर शास्त्री मैदानावर, अफगाणिस्तानशी. नव्वद मिनिटं झाली, गोल नाही. ज्या संघाला सहज हरवायचं त्याच्याशी बरोबरी, म्हणजे स्पर्धेचं पहिलंच पाऊल चिखलात. आणि भरपाईच्या वेळेत गोल झाला, करणारा क्लायमॅक्स लॉरेन्स. त्याच्या नावावर कोट्या करणाऱ्यांना त्या रात्री ऊत आला असेल. मी ती कोटी इथे करणार नाही. मला त्यात वेगळीच गंमत दिसते. ज्याने आयुष्यभर मागची जागा सोडली नाही, त्याने ती सोडली ती नेमक्या त्या क्षणी. पुढे ताजिकिस्तानशी १-१, तुर्कमेनिस्तानला २-१, म्यानमारला १-०. मग अंतिम सामना हैदराबादहून दिल्लीला हलवला, आंबेडकर स्टेडियमवर. १३ ऑगस्टला तिथे छेत्रीने तीन गोल घातले, एक भुतियाने, ताजिकिस्तान ४-१ ने हरलं आणि १९८४ नंतर प्रथमच भारत आशिया कपला पात्र ठरला. त्या हॅटट्रिकवर किती लिहिलं गेलं ते आपण जाणता. ३० जुलैवर कोणी लिहिलं असल्यास मला दाखवा.

दोह्यातल्या त्या आशिया कपचं फार बोलायचं नाही. ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४. तीन सामन्यांत तेरा गोल खाल्ले. आमचे टीकाकार तेव्हा जागे झाले आणि मधली फळी मोडली म्हणून ओरडू लागले. क्लायमॅक्स बत्तिशीच्या घरात होता, आणि समोर युरोपात खेळणारी माणसं. मधली फळी मोडली हे खरं. पण तिच्यामागे दुसरी फळी तयार का नव्हती, हा प्रश्न त्या वेळी विचारायला हवा होता. त्याच वर्षी हौटन गेले आणि कुलासो तात्पुरते राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीत ०-३, सामना जेमतेम सुरू होतो न होतो तोच आपल्या दोघांना लाल कार्ड. दिल्लीच्या परतीच्या सामन्यात २-२. २०१२ ला क्लायमॅक्सने देशाची जर्सी उतरवली. भुतियाच्या निरोपाच्या सामन्याला दिल्लीत बायर्न म्युनिक आलं होतं. त्याच्यासाठी कोणी यावं अशी अपेक्षा मलाही नव्हती.

इथे एक आडवाट. २०१२-१३ च्या हंगामात प्रयाग युनायटेडने कोस्टारिकाचा कार्लोस हर्नांडेझ आणला. २००६ च्या विश्वचषकाच्या संघातला माणूस, ऑस्ट्रेलियात मेलबर्न व्हिक्टरीकडून पाच वर्षं गाजवलेला, तिथल्या लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं जॉनी वॉरेन पदक मिळवलेला. मध्य अमेरिकेतला इतका मोठा मिडफिल्डर आपल्या लीगमध्ये त्याआधी मी तरी पाहिला नव्हता. तीस यार्डांवरून मारलेला त्याचा चेंडू पाहून आमचे नागपूरचे स्नेही अक्षरशः उभे राहत. मेलबर्नमध्ये लोक त्याच्यावर जीव टाकत आणि का टाकत ते दोन सामने पाहिले की कळे. मलाही तो आवडला, का नाही आवडणार? पण कोलकात्याने त्याला आणलं ते सजावटीसाठी, आणि सजावट तेवढी सुंदर झाली. पलीकडे फातोर्ड्यात दहा पावलांचे पास देणारा माणूस आणि त्याचे गाववाले पाच लीग जिंकून बसले होते. हर्नांडेझवर तेव्हा पुरवण्या निघाल्या. निघोत, मेलबर्नमध्ये तर त्याहून अधिक निघाल्या असतील.

उतरणीचा भाग मला लिहायला आवडत नाही, पण टाळला तर आढावा कसला. २०१० ला महिंद्र युनायटेड बंद पडलं. त्याच वर्षाच्या शेवटी महासंघाने सातशे कोटींत पंधरा वर्षांसाठी फुटबॉलचे हक्क विकले. २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, आणि धेंपो, साळगावकर ही नावं खाणींचीच होती हे आठवा. २०१४ ला इंडियन सुपर लीग आली, लिलाव आला, जाहिराती आल्या. २०१४-१५ ला पाच वेळचं विजेतं धेंपो आय-लीगमधून खाली घसरलं, पुढच्याच वर्षी दुसरा विभाग जिंकून वर यायला तयार झालं, आणि २०१६ ला साळगावकर आणि स्पोर्टिंग यांच्याबरोबर धेंपोनेही लीगमधून अंग काढून घेतलं. महासंघाचा नवा आराखडा त्यांना मंजूर नव्हता. मुंबई एफसी गेलं, पुण्याचे क्लब एकामागून एक गेले. नऊ वर्षं देश जिंकणारा किनारा तीन-चार वर्षांत रिकामा. धेंपो २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतलं, प्रशिक्षक समीर नाईक. मला आनंद झाला, पण जुन्या वाड्यात पुन्हा दिवा लागला म्हणून वाडा नांदता होत नाही.

सुपर लीगवर माझा राग पैशाचा नाही. माझा राग जागेचा आहे. मैदानाच्या मध्यभागी, जिथे क्लायमॅक्स उभा राहत असे, ती जागा या लीगच्या क्लबांनी परदेशी माणसासाठी राखून टाकली. खुद्द गोव्यात, फातोर्ड्यात, एफसी गोवाच्या सुंदर संघात त्या जागेवर मोरोक्कोचा अहमद जाहू. खेळाडू उत्तम, वाद नाही. शेजारी लेनी रॉड्रिग्ज होता, गोव्याचाच, पूर्वी चर्चिलकडून खेळलेला, आणि लेनीवर कोणी नीट लिहिलं तर मी फराळाचं ताट पाठवीन. पण चावी जाहूच्या हाती. ज्या गावात ही कला पिढ्यान्‌पिढ्या फुकट शिकायला मिळत होती तिथे ती आयात करावी लागली, याचं कोणाला काही वाटलं नाही. ब्रँडन फर्नांडिस आला, चांगला आला, पण पुढे पास देणारा. गोव्याच्या पोरांना आता पुढेच खेळायचं असतं. क्लिफर्ड मात्र प्रशिक्षक म्हणून निराळाच निघाला. २०१९-२० ला हंगामाच्या शेवटी हंगामी प्रशिक्षक म्हणून त्याच्याकडे एफसी गोवा आलं आणि त्यांनी लीग शील्ड जिंकली. २०२३ ला ओडिशाला त्याने सुपर कप मिळवून दिला. महेश गवळीने त्याच वर्षी सॅफ स्पर्धेत, मुख्य प्रशिक्षकावर बंदी असताना, अंतिम सामन्यात भारताचा डगआउट सांभाळला आणि भारत जिंकला. धेंपोच्या त्या संघातून किती प्रशिक्षक निघाले याचा कोणी तरी अभ्यास करावा. मागे उभं राहून खेळ पाहण्याची सवय असलेली माणसं ती.

हुगळीवाल्यांप्रमाणे मीही एकांगी आहे, असा आरोप होईल, म्हणून सांगतो. ही कला देशातून गेलेली नाही, ती जागा बदलून ईशान्येला गेली. २०१७ ला आपल्याकडे सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात भारताचा एकमेव गोल कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जिक्सन सिंगने केला. तो बचावात्मक मिडफिल्डर. कॉर्नरवर हेडर. त्या रात्री मला ३० जुलै आठवला नसता तरच नवल. पुढे मिझोरामचा अपुइया, मणिपूरचा सुरेश वांगजम. तिकडची पोरं मधल्या फळीत उभं राहायला लाजत नाहीत.

त्याच २०१७ च्या सप्टेंबरात आपल्या राज्यात एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा कार्यक्रम झाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांनाही चेंडू आले. मी दोन-तीन मैदानांवर जाऊन पाहिलं, शिट्टी घेऊनच गेलो होतो. पोट्टे खूश, गुरुजी खूश, फोटो झाले. काही महिन्यांनी एका शाळेत गेलो तेव्हा चेंडू कपाटात होते आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक पंचायत समितीच्या बैठकीला. मुलं पटांगणात क्रिकेटच खेळत होती, कारण बॅट कोणाच्या तरी घरची होती.

२०२५ च्या ऑक्टोबरात भारत आशिया कप पात्रतेच्या सामन्यात सिंगापूरकडून हरला, १-२, आणि तोही फातोर्ड्यात. सुरुवातीचा गोल आपला होता. पुढे होतो, घर आपलं, प्रशिक्षक खालिद जमील, जो मुंबईतल्या महिंद्रचा मिडफिल्डर म्हणून मी पाहिलेला. दुसऱ्या अर्ध्यात मधली जागा मोकळी पडत गेली. मी पाहत होतो, आणि प्रत्येक वेळी वाटत होतं, आता इथे कोणी दोन पावलं मागे घ्यावीत, आता. कोणी घेतली नाहीत. २०२७ च्या आशिया कपचं दार तिथे बंद झालं. खालिदला नेमण्यासाठी शिफारस करणारी तांत्रिक समिती आय. एम. विजयनच्या अध्यक्षतेखालची, आणि तिच्यात क्लायमॅक्सही. २०२२ पासून तो महासंघाच्या कार्यकारिणीतही आहे, नामवंत खेळाडूंपैकी एक म्हणून घेतलेला. समित्यांत बसून मधल्या फळ्या तयार होत नाहीत, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. पण ती फळी म्हणजे काय हे जाणणारा निदान एक माणूस त्या टेबलाशी आहे, एवढ्यावर मी सध्या समाधान मानतो. नागपूरचे स्नेही यावर हसतात. हसोत.

एक काम मात्र वाचकांवर टाकतो. गेली काही वर्षं मी धेंपोच्या त्या पाच हंगामांतले पूर्ण सामने शोधतो आहे. इंटरनेटवर मिळतात ते गोल, दोन-दोन मिनिटांचे तुकडे, आणि त्यांत क्लायमॅक्स असून नसल्यासारखा. रँटीचे बत्तीस गोल कोणीही पाहू शकतो. क्लायमॅक्सला पाहायला नव्वद मिनिटं सलग लागतात, कॅमेरा जरा वर आणि लांब असलेली. झी स्पोर्ट्सच्या काळात कोणी व्हिडिओ कॅसेटवर किंवा सीडीवर पूर्ण सामना उतरवून ठेवला असेल, विशेषतः फातोर्ड्याचा किंवा वास्कोच्या टिळक मैदानावरचा, तर या अंकाच्या पत्त्यावर कळवा. आवाज नसला तरी चालेल. टपालखर्च मी देईन.